एकाहत्तरावी प्रदक्षिणा

माझ्या पहिल्या पाठाच्या निरीक्षण वहीत चौगुले बाईंनी लाल शाईनं एकच ओळ लिहिली होती : 'आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढे जात नाही.'

पाठाची तयारी मी मनापासून केली होती. टाचण चार पानांचं, तक्ता दोन रात्री जागून रंगवलेला. पण नववी 'ब'मध्ये बासष्ट मुली होत्या आणि मी बी.एड.ची विद्यार्थिनी. मंगळवार पेठेतल्या त्या मुलींच्या शाळेत आम्हा सहा जणींना सोळा आठवडे शिकवायला पाठवलं होतं. मुली आम्हाला 'बी.एड.च्या बाई' म्हणायच्या, म्हणजे खऱ्या बाई नव्हेत. मी फळ्यापाशी उभी राहून नाव सांगितलं, राजनंदिनी आकाराम पोवार, तशी मागून कुणीतरी म्हणालं, "राजनंदिनी बाई, नावाला तरी जागा की! जरा राणीगत वरडा."

वर्ग हसला. मीही हसले. हसण्याशिवाय दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

आमचं घर शिवाजी पेठेत. दारासमोर तालीम, कोपऱ्यावर फुटबॉल क्लबाची खोली. आमच्या गल्लीत कुणी हळू बोललं तर लोक विचारतात, बरं वाटत नाही काय? आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला हाक मारली की चौकातला माणूस वळून बघतो. त्यांच्या पोटी मी अशी कशी जन्मले ते देवालाच ठाऊक. दुकानात गेले तर मला दोनदा मागावं लागतं. देवळात गाऱ्हाणं घालताना तेवढं बरं, तिथं कुणी 'काय?' म्हणत नाही.

त्या वर्षी गुरुपौर्णिमेला आईबरोबर नृसिंहवाडीला गेले होते. माझी मावशी तिथंच राहते. तिला मी म्हटलं, "मावशी, शिक्षिका व्हायला निघालेय आणि आवाज असा. नापास करतील मला." मावशीनं पादुकांचं तीर्थ माझ्या हातावर घातलं आणि म्हणाली, "सकाळची वाणी राख. उठल्यापासून देवाचं तीर्थ घेईपर्यंत एक शब्द बोलू नको. बांध घालून पाणी साठवलं की पाटाला कसं जोरानं जातंय, तसं होतंय बघ."

नेम मला नवे नव्हते. गुरुवारचा उपास, तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा, जेवताना पहिला घास बाजूला काढणं, हे सगळं लहानपणापासून चाललेलं. नेम असला की दिवसाला काठ असतो, नाहीतर तो कुठंही सांडतो. मी संकल्प सोडला : दत्तजयंतीपर्यंत रोज पहाटे मौन, आणि आमच्या पेठेतल्या दत्ताच्या देवळात एकशे आठ प्रदक्षिणा. मागणं एकच. माझा आवाज वर्गाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत पोहोचू दे.

पवित्रा त्या शेवटच्या भिंतीला टेकून बसायची. बसायची म्हणजे झोपायची. दप्तरावर गाल, तोंड किंचित उघडं, हाताला दुधाचा वास. मी पहिल्यांदा तिला उठवायला गेले तेव्हा चौगुले बाईंनी मला मागं ओढलं. बाई आमच्या मार्गदर्शक, शास्त्राच्या, सव्वीस वर्षं शिकवत आलेल्या.

"तिच्या नादाला लागू नका," त्या म्हणाल्या. "बाप म्हशी पाळतोय. ही पहाटे चारला उठून त्याच्याबरोबर दूध घालत हिंडती आणि इथं येऊन झोप काढती. त्रास देत न्हाई, बसू दे. ज्या जाग्या हायत त्यांस्नी शिकवा आधी."

मी ऐकलं. मोठ्यांचं ऐकायची मला सवय आहे.

ऑगस्टच्या शेवटी मला उपयुक्त सूक्ष्मजीवांचा पाठ आला. दुधाचं दही कसं होतं ते दाखवायचं म्हणून मी रात्री घरी वाटीत दूध विरजलं आणि दुसऱ्या दिवशी ती वाटी रुमालात बांधून वर्गात नेली. झाकण काढून चमचा वर उचलला तर दह्याची लांब तार निघाली, शेंबडासारखी. पहिल्या बाकावरच्या मुली "शी!" म्हणून मागं सरकल्या. कुणीतरी ओकल्यासारखा आवाज काढला. वर्ग हातातून गेला. चौगुले बाई मागं खुर्चीत बसून वहीत लिहीत होत्या, आणि मला लाल शाई इथूनच दिसत होती.

"बाई, विरजण जुनं हुतं."

आवाज शेवटच्या भिंतीपासून आला. पवित्रा उठून बसली होती, गालावर दप्तराच्या बंदाचा वळ.

"आणि दूध गरम असताना घातलासा," ती म्हणाली. "करंगळी घालून बघायचं. करंगळीला सोसलं की मग विरजण. बोट भाजलं तर तेबी भाजणारच की."

"ते म्हणजे काय?" मी विचारलं.

"तुमी आत्ता म्हणालासा ते. जिवाणू." मग म्हणाली, "म्हंजे बाई, ते जित्तं असतंय म्हणून थंडीत आळसतंय व्हय? आमी हिवाळ्यात भांडं पोत्यात गुंडाळतोय, तवा कुठं सकाळपतोर लागतंय."

वर्ग गप्प झाला होता. मी तिला पुढं बोलावलं. ती सांगत गेली आणि मी फळ्यावर लिहीत गेले : तापमान, विरजणाचं प्रमाण, वेळ. विरजण नसलं तर हिरव्या मिरचीचे देठ टाकूनही दही लागतं, हे तिनं सांगितलं तेव्हा चौगुले बाईसुद्धा म्हणाल्या, "व्हय, माझी सासू करायची." तास संपल्याची घंटा झाली आणि त्या वर्षात पहिल्यांदा मला ती नकोशी वाटली.

दुसऱ्या दिवशी पवित्रा शेवटचा बाक सोडून तिसऱ्या बाकावर येऊन बसली. मी कारण विचारलं तर म्हणाली, "तुमचा आवाज हितवरच येतोय न्हवं."

शास्त्राच्या तासाला ती झोपली नाही. इतर तासांना झोपायची, ते मला माहीत होतं, पण शास्त्राला डोळे ताणून जागी राहायची. एकदा तर तिनं कानाची पाळी स्वतःच्या नखानं दाबून धरलेली मी पाहिली. चाचणीत तिला वीसपैकी चौदा मिळाले. चौगुले बाईंनी पेपर दोनदा उलटून बघितला आणि शेजारी कोण बसली होती ते विचारलं. मी म्हटलं, "बाई, शेजारणीला नऊ आहेत." त्यावर त्या हसल्या, पण म्हणाल्या, "राजनंदिनी, तुम्ही डिसेंबरात जाणार. पुढं गणित हाय, इंग्रजी हाय. जीव लावा, पण बेतानं."

एका मधल्या सुट्टीत पवित्रानं मला तिचं ठरलेलं सांगितलं. दूध संकलन केंद्रावर पांढरा कोट घातलेली एक ताई बसते, दुधाचा थेंब यंत्रात घालून फॅट सांगते. "ती म्हणाली, बारावी सायन्स करायचं, मग डेअरीचा कोर्स. अप्पा तिच्याम्होरं टोपी काढून हुबा ऱ्हातोय बाई. ती खुर्चीत, अप्पा हुबा." ती त्या खुर्चीवर बसणार होती. आणि अप्पाला शेजारी स्टूल देणार होती.

मी घरी येऊन हे आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्रदक्षिणा घालताना पवित्राचंही नाव घेतलं, मनातल्या मनात.

सकाळी ती मला देवळात दिसायची. मल्लाप्पा, म्हणजे तिचा बाप, रोज अभिषेकाला तांब्याभर दूध द्यायचा. तो बाहेर सायकलपाशी थांबायचा आणि ती आत येऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर तांब्या ठेवायची. पहिल्या दिवशी ती "बाई!" म्हणाली होती. मी ओठांवर बोट ठेवलं, माळ दाखवली. तिनं लगेच मान हलवली आणि त्यानंतर कधी हाक मारली नाही. माझ्याकडं बघून हसायची, तांब्या ठेवायची, जायची. देवळातल्या कितीतरी माणसांना माझं मौन कळायला महिने लागले. तिला एका दिवसात कळलं.

दिवाळीची सुट्टी संपली. माझा वार्षिक पाठ गुरुवारी ठेवला होता. बाहेरचे परीक्षक येणार, त्यांच्या गुणांवर सगळं वर्ष अवलंबून. त्याच आठवड्यात, मंगळवारी, शाळा सुटताना पवित्रा माझ्यामागून जिना उतरली.

"बाई, अक्काला बाळ झालंय. चिकोडीकडं दिलीया तिला. सासू न्हाई, करणारं कोण न्हाई. अव्वा म्हणती, मी जाऊन ऱ्हायाचं."

तिच्या घरी कानडी बोलत, अव्वा म्हणजे आई. "किती दिवस?" मी विचारलं.

"दिवस कुठलं बाई. एकदा गेलं की गेलं. थोरल्या चुलत्याची सुमा अशीच गेलती, ती तिथंच हाय अजून."

"मी बोलते तुझ्या वडिलांशी," मी म्हटलं.

"कधी?"

माझ्या डोक्यात तक्ते होते, प्रयोगाचं साहित्य होतं, परीक्षकांना चहा कोण देणार ते होतं.

"गुरुवारचा पाठ होऊ दे. शुक्रवारी नक्की येते घरी."

"शुक्रवारी," ती म्हणाली. बोटावर मोजल्यासारखं केलं आणि गेली.

गुरुवारी मी पहाटे साडेचारलाच उठले. उपास होता. देवळात पोचले तेव्हा सहा वाजायचे होते. गारठा होता, फरशी तळपायाला चटका देत होती. माळ हातात घेऊन प्रदक्षिणा सुरू केली. मन त्या दिवशी देवाकडं कमी आणि दुपारच्या पाठाकडं जास्त होतं, हे खोटं कशाला बोलू? प्रत्येक फेरीला मी मनात म्हणत होते, आज तेवढा आवाज लाव महाराजा, आज तेवढा.

एकाहत्तरावा मणी बोटात होता तेव्हा मल्लाप्पा आत आला. तो कधी आत येत नसे. धोतर, वर स्वेटर, हातात दुधाची बरणी तशीच. त्याच्यामागं पवित्रा. अंगात शाळेचा ड्रेस, दोन वेण्या, लाल रिबिनी. आणि हातात कपड्यांनी फुगलेली कापडी पिशवी.

"बाई, जरा थांबतासा काय?" तो म्हणाला.

मी थांबले नाही. प्रदक्षिणा मधे थांबवत नाहीत. तोच माझ्या शेजारून चालू लागला, बरणीतलं दूध डचमळत.

"मी मल्लाप्पा, हिचा बाप. थोरल्या लेकीला बाळ झालंय, तिची लई आबदा चाललीया. साडेसातच्या गाडीनं हिला धाडायचं ठरलंय. शाळेत त्या चौगुले बाईस्नी इचारलं, त्या म्हणाल्या, झोपतीया, काय सांगणार? पण ही ऐकंना. रातभर रडली. म्हणती, नव्या बाईस्नी इचारा. त्या व्हय म्हणाल्या तर शाळा, न्हाय म्हणाल्या तर मी गप जाईन."

आम्ही देवाच्या मागच्या अंगाला आलो. तिथं अंधार असतो. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"मला काय अक्षर वळखत न्हाई बाई. तुमी शिकलेल्या. माझ्या पोरीत काय हाय काय, तेवढं सांगा. असंल तर ऱ्हाऊ दे, म्हशींचं मी एकटा बघतो, थोरलीकडं माझ्या भनीला धाडतो. जास्त काय नको. व्हय म्हणा न्हायतर न्हाय म्हणा."

आम्ही परत समोर आलो. पवित्रा खांबापाशी उभी होती. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. डोळ्यांकडं नाही, तोंडाकडं.

सदतीस फेऱ्या उरल्या होत्या. फार तर वीस मिनिटं. एकशे तीस दिवस तीर्थ घेण्याआधी मी एक शब्द बोलले नव्हते. ताप होता त्या दिवशीसुद्धा, आई पाय घसरून पडली त्या दिवशीसुद्धा, मी धावत गेले पण तोंड उघडलं नाही. आणि आज, ज्या दिवसासाठी हे सगळं साठवलं त्याच दिवशी? मला वाटलं, थांबतील. वीस मिनिटं कोण थांबत नाही?

मी हाताचा पंजा वर केला, थांबा म्हणून. मान हलवली, आत्ता नाही म्हणून. आणि मग, तो माणूस बापाच्या वयाचा होता म्हणून, दोन्ही हात जोडले.

मल्लाप्पा जागीच उभा राहिला. मी पुढं गेले.

बहात्तराव्या फेरीला ते दोघं खांबापाशी होते. त्र्याहत्तराव्या फेरीला तो पायरीवर बसून चपला घालत होता. चौऱ्याहत्तराव्या फेरीला खांबापाशी कुणी नव्हतं, आणि उंबऱ्यावर दुधाचा तांब्या भरून ठेवलेला होता, रोजच्यासारखा.

मी एकशे आठ पूर्ण केल्या.

तीर्थ घेतलं, गुरुदेव म्हटलं, आणि बाहेर पळाले. रस्ता मोकळा होता. देवळाच्या भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून चार मिनिटं झाली होती. एसटी स्टँड रिक्षानं दहा मिनिटांवर. हे सगळं मी तेव्हाच हिशेबात धरलं होतं, मला नंतर सुचलं असं नाही. कोपऱ्यावर रिक्षा उभी होती, रिक्षावाल्यानं "कुठं जाऊया ताई?" असं विचारलंही.

मी म्हटलं, "कुठं नाही." आणि घरी गेले. साडी नेसायची होती, तक्ते गुंडाळायचे होते. मनाशी म्हटलं, तो बाप आहे, असा कसा नेईल? शुक्रवारी जायचंच आहे. शुक्रवार ठरलेलाच आहे.

त्या दुपारी माझा आवाज लागला. कसा ते मला माहीत नाही. पहिल्या वाक्यालाच तो माझ्या छातीतून निघून बासष्ट डोक्यांवरून गेला आणि मागच्या भिंतीला लागून परत आला. मुली चमकून ताठ बसल्या. एकीनं दुसरीला कोपर मारलं. प्रश्न विचारला की हात वर जात होते. परीक्षक शेवटच्या बाकावर बसले होते. त्यांनी दोनदा मान डोलावली.

तिसऱ्या बाकावर दोघी बसल्या होत्या आणि तिसरीच्या जागेवर त्यांनी एक दप्तर ठेवलं होतं, कुणी बसू नये म्हणून. मी शिकवताना तिकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि त्यामुळं पूर्ण तास मी तिकडंच बघत होते.

तास संपल्यावर परीक्षकांनी वहीत लिहिलं : 'आवाज स्पष्ट, सुस्वर, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा.' चौगुले बाईंनी ते वाचलं आणि सगळ्यांदेखत माझ्या पाठीत धपाटा घातला. "काय गं बाई, कुठं दडवला हुतास एवढा आवाज? काय खाल्लंस सकाळी?"

"उपास आहे," मी म्हटलं.

सगळ्या हसल्या.

मी शुक्रवारी गेले नाही. खरं ते लिहिते. शुक्रवारी मुलींनी सांगितलं की पवित्रा गावाला गेली, आणि मग आता घाई कसली, असं माझ्या मनानं काढलं. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा होती, तरी गेले नाही. रात्री जेवताना आई म्हणाली, "दोन दिवस झाले, पहिला घास बाजूला काढून तू पुढचा खातच नाहीस." तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. आई बराच वेळ ताटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "तू काय मुद्दाम केलंस?" तिला वाटलं, त्यानं मला बरं वाटेल.

रविवारी सकाळी, तीर्थ घेतल्यावर, मी मल्लाप्पाचा गोठा शोधत गेले. रंकाळ्याच्या पलीकडं, शेणाच्या ढिगामागं पत्र्याची शेड, सात म्हशी. तो धारा काढून हात धूत होता. मला बघून लगबगीनं उठला, खाटेवरचं पोतं झटकलं.

"या, या बाई. बसा. ए, ऐकलीस का? बाई आल्यात. दूध आण."

पवित्राची आई पेला घेऊन आली. नुकतंच तापवलेलं दूध, वर वाफ. मी पेला हातात धरला. काय बोलायचं ते मी रस्त्यानं पाठ करत आले होते, टाचणासारखं. त्यातलं काही आठवलं नाही.

"पवित्राला का पाठवलंत?" मी विचारलं. "तिला चौदा गुण होते. वीसपैकी. ती हुशार आहे. वर्गात तिच्याएवढं कुणालाच कळत नाही."

मल्लाप्पानं माझ्याकडं बघितलं, मग बायकोकडं, मग परत माझ्याकडं.

"पण तुमीच न्हाय म्हणालासा की."

"मी कुठं काही म्हटलं?"

"बोलला न्हाईसा. पण हात वर केलासा, मान हलवलीसा. वर हात जोडलासा." तो सावकाश, एकेक सांगत होता, मला दुखू नये म्हणून. "मी वळखलं. म्हटलं, बाई चांगल्या घरच्या. बापाच्या तोंडावर न्हाय म्हणवंना त्यास्नी, म्हणून हात जोडत्यात. मला वाईट न्हाई वाटलं बाई. उलट बरं वाटलं. तोडून बोलला न्हाईसा."

दुधावर साय धरत होती. मी म्हटलं, "माझं मौन होतं. सकाळी मी बोलत नाही. तीर्थ घेईपर्यंत. नेम आहे."

गोठ्यात एका म्हशीनं शेपूट आपटली. पवित्राच्या आईनं पदर तोंडाला लावला. मल्लाप्पा खाली बसला, उकिडवा.

"मौन," तो म्हणाला. "मग पोरगी बोलली कशी न्हाई ते?"

"तिला..." मी म्हणाले.

"तिला ठावं न्हाई व्हय? रोज आत दूध ठिवायला तीच जायाची."

त्यानं खिशातून फोन काढला. बटणांचा, काचेला तडा गेलेला. नंबर लावला, कानडीत कुणाशी तरी दोन शब्द बोलला आणि फोन माझ्या हातात दिला. आधी बाळाचं रडणं ऐकू आलं. मग तिचा आवाज.

"बाई?"

"पवित्रा, तुला माहीत होतं ना गं, माझं मौन आहे ते?"

"व्हय."

"मग तू अप्पांना का सांगितलं नाहीस? थांबा म्हणून?"

बाळ रडत होतं. ती त्याला थोपटत असणार, थापट्यांचा बारीक आवाज येत होता. मला वाटलं, तिला ऐकू गेलं नाही. मी परत विचारणार होते.

"मला वाटलं, बोलशीला," ती म्हणाली.

मल्लाप्पा जमिनीवरची काडी उचलून तिचे तुकडे करत होता.

"परत ये," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, म्हशींनी माना वळवल्या. "मी अप्पांशी बोललेय. आत्ता बोललेय. ते नाही म्हणणार नाहीत. मी येते तुला आणायला, आजच येते."

"आता न्हाई बाई. बाळ माझ्याबिगर झोपत न्हाई. अक्काचा टाका पिकलाय, तिला उठाय येत न्हाई. दाजी म्हणत्यात, म्होरल्या वर्षी बघू." ती मोठ्या बाईसारखी बोलत होती. तीन दिवसांत. मग एकदम तिसऱ्या बाकावरचा आवाज आला, "बाई, तुमचा पाठ झाला काय? आवाज गेला मागपतोर?"

"गेला."

"बरं झालं," ती म्हणाली. आणि बाळ जोरात रडू लागलं, तसा फोन बंद झाला.

मी मल्लाप्पाला म्हटलं, "तुम्ही जाऊन आणा तिला. चूक माझी आहे." त्यानं मान हलवली. ती होयची होती की नाहीची, मला कळलं नाही, आणि विचारायला मला तोंड नव्हतं. निघताना त्याच्या बायकोनं तो पेला परत माझ्या हातात दिला. "पिऊन जावा. दूध टाकून जाऊ नये." मी प्याले. साय घशाला चिकटली.

त्यानंतर चौगुले बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी तिचा दाखला अडवून ठेवला, पटावरून नाव काढलं नाही, बापाला दोनदा निरोप धाडला. शेवटी म्हणाल्या, "नाव ठेवलंय हजेरीत. आली तर आली." रोज हजेरीला ते नाव मीच घेत होते. माझा आवाज आता व्यवस्थित जात होता. नाव मागच्या भिंतीपर्यंत जायचं, आणि सगळ्या मुली गप्प बसायच्या.

दत्तजयंतीला चौदा दिवस उरले होते. नेम मी सोडला नाही. सोडला असता तर त्यानं काय भरून निघालं असतं? गोठ्यावर जाऊन आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी पहाटे नेहमीसारखी देवळात गेले, माळ घेतली, फिरू लागले. चाळिसेक फेऱ्या झाल्या असतील. एक म्हातारी काठी टेकत आत आली, खेड्यावरून आलेली, डोक्यावरून पदर. मी तिच्याजवळून जाताना तिनं माझा हात धरला.

"लेकी, पुजारी कधी येतोय गं?"

मी थांबले.

"साडेसहाला येतात, आजी."

"आँ?" ती म्हणाली. तिला कमी ऐकू येत होतं.

"साडेसहाला!" मी परत सांगितलं. देवळाच्या घुमटात ते घुमलं. मी तिला कठड्यापाशी नेऊन बसवलं, काठी हाताशी दिली. "बरं हाय बाळ," ती म्हणाली आणि पदरानं नाक पुसत बसली.

समई तशीच जळत होती. पादुकांवरची फुलं जिथल्या तिथं होती. कुठं काही झालं नाही. मी थोडा वेळ तशीच उभी राहिले, काहीतरी होईल म्हणून.

कितवा मणी होता ते विसरले होते. पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. दर फेरीला तो खांब येत होता, आणि दर फेरीला, खांब आला की माझी मान आपोआप खाली जात होती.